कढीपत्त्याच्या रोपालाही लागते परवानगी : बागेतील झाडे सीमेपार नेण्याचे नियम आणि त्यामागील कारणे

भिलाई : परदेशी स्थायिक झालेल्या लेकीकडे जाताना अंगणातील कढीपत्त्याचे एखादे रोप, मोगऱ्याची मुळे फुटलेली फांदी किंवा वृंदावनातील तुळशीची मूठभर माती सामानात ठेवावी, असे अनेक आई-वडिलांना वाटते. परत येताना तिकडचा एखादा गुलाब, ट्यूलिपचे कंद किंवा रंगीत पानांचे झुडूप सोबत आणावे, अशी इच्छा होणेही स्वाभाविक आहे. मात्र जिवंत रोप आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडते तेव्हा ते केवळ भेटवस्तू राहत नाही. कायद्याच्या दृष्टीने ते कीड, बुरशी, विषाणू व तणांचे बी वाहून नेऊ शकणारे साधन ठरते. म्हणूनच सोन्याच्या दागिन्याइतकीच, किंबहुना अधिक काटेकोर तपासणी एका कुंडीच्या वाट्याला येऊ शकते.

पोलाद कारखान्यामुळे देशाच्या सर्व प्रांतांतील कुटुंबे ज्या शहरात एकत्र आली, त्या भिलाईत हा प्रश्न घरोघरी ओळखीचा आहे. भारत आणि तत्कालीन सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी झालेल्या करारातून हा कारखाना उभा राहिला. पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. सेक्टरांमधील क्वार्टरांपुढे असलेल्या मोकळ्या जागेमुळे येथे घरगुती बागांची परंपरा रुजली. दोन देशांच्या स्नेहाचे प्रतीक म्हणून १९७२ मध्ये उभारलेली मैत्री बाग ही तर शहराची ओळखच आहे. विदर्भातून नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबेही या वसाहतीचा भाग झाली. त्यांची पुढची पिढी आता देशोदेशी पांगली असल्याने अंगणातील झाडाचा अंश तिकडे पाठविता येईल का, ही विचारणा वारंवार होते. त्याविषयीचे नियम, कार्यपद्धती आणि पार्श्वभूमी यांचा हा आढावा.

परकी फुले, आपली बाग

वनस्पतींचे स्थलांतर नवे नाही. दसऱ्याच्या तोरणातील झेंडू आणि हिवाळी प्रदर्शनांत मिरविणारा डेलिया मूळचे मेक्सिकोकडील आहेत. बोगनवेल दक्षिण अमेरिकेतून, तर गुलमोहर मादागास्करमधून आला. देवळाच्या आवारातील चाफ्याची जी जात आपण पिढ्यान्पिढ्या पाहतो, तिचे मूळही मध्य अमेरिका आणि कॅरिबियन भागात आहे.

जहाजाच्या दीर्घ प्रवासात खारे वारे, गोड्या पाण्याची टंचाई आणि उन्हाचा मारा यांमुळे रोपे मरत असत. त्यावरचा उपाय एका योगायोगातून सापडला. लंडनमधील डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांना १८२९ च्या सुमारास बंद बाटलीत नेचा आपोआप उगवल्याचे दिसले. आतील ओलावा काचेवर जमून पुन्हा मातीत मुरतो, या निरीक्षणावरून त्यांनी काचेची बंद पेटी तयार केली. १८३३ मध्ये अशा पेट्यांतून लंडनहून सिडनीपर्यंत रोपे जिवंत पोहोचली. पुढे रॉबर्ट फॉर्च्यून यांनी १८४८ ते १८५१ या काळात चीनमधील चहाची रोपे याच पेट्यांतून भारतात आणली.

या पेटीने वनस्पतींचा जागतिक व्यापार सुकर केला. मात्र रोपाबरोबर माती आणि मातीबरोबर तिच्यातील जीवसृष्टीही प्रवास करू लागली. त्याची किंमत पुढील पिढ्यांना मोजावी लागली.

शोभेचे झुडूप, जंगलाचा शत्रू

विदर्भ आणि छत्तीसगडमध्ये ‘रायमुनिया’ आणि उर्वरित महाराष्ट्रात ‘घाणेरी’ किंवा ‘टणटणी’ म्हणून ओळखले जाणारे लँटाना हे याचे ठळक उदाहरण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेचे झुडूप म्हणून ते आणले गेले. आज देशातील वनक्षेत्रांत त्याने एवढा विस्तार केला आहे की मूळ गवत आणि रोपांना वाढण्यास जागा उरत नाही. गुरांना व वन्य तृणभक्षी प्राण्यांना चाराही कमी पडतो. तलाव व्यापणारी जलपर्णीही तिच्या जांभळ्या फुलांच्या मोहातून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये आली आणि नंतर देशभर पसरली.

‘काँग्रेस गवत’ किंवा ‘गाजर गवत’ या नावांनी परिचित असलेले पार्थेनियम मात्र कोणी हौसेने आणले नव्हते. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली. आयात केलेल्या धान्यातून त्याचे बी आले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्वचारोग व श्वसनाचे विकार यांना कारणीभूत ठरणाऱ्या या तणाने अल्पावधीत देश व्यापला. त्यावर उपाय म्हणून १९८३ मध्ये मेक्सिकोतून त्याची पाने खाणारा भुंगेरा बंगळुरू येथे आणण्यात आला आणि चाचण्यांनंतर १९८४ मध्ये शेतात सोडण्यात आला. जबलपूर येथील तण संशोधन संचालनालयाने पुढे मध्य भारतात त्याच्या प्रसाराचे काम केले. नकळत आलेल्या बियाण्याने उपद्रव माजविला आणि पद्धतशीर तपासणी करून आणलेल्या कीटकाने त्याला काही प्रमाणात आवर घातला. सीमेवरील नियमांचा हेतू समजण्यास हे एक उदाहरण पुरेसे आहे.

अलीकडचा अनुभवही वेगळा नाही. मध्य अमेरिकेकडील पपईवरील पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइम्बतूर येथे आढळला आणि २०१० पर्यंत तो महाराष्ट्रातील पपईच्या बागांतही पोहोचला. जास्वंदीसह अनेक शोभेच्या झाडांवर तो जगतो. फवारण्यांना न जुमानणाऱ्या या किडीवर अखेर २०१० मध्ये प्वेर्तो रिकोमधून आणलेल्या परोपजीवी गांधीलमाशीने नियंत्रण मिळविले.

कढीपत्ता का अडतो?

मराठी कुटुंबांना परदेशी न्यावेसे वाटणारे पहिले झाड बहुधा कढीपत्त्याचे असते. नेमके तेच सर्वाधिक अडचणीचे ठरते. कढीपत्ता हा संत्रे, मोसंबी, लिंबू आणि बेल यांच्याच कुळातील आहे. लिंबूवर्गीय झाडांवरील सायला ही कीड त्याच्या कोवळ्या पालवीवर अंडी घालते. हीच कीड ‘ग्रीनिंग’ या घातक रोगाचा जिवाणू एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते. रोगग्रस्त झाडाची पाने पिवळट, डागाळलेली होतात. फळे वेडीवाकडी व कडवट होऊन गळतात आणि काही वर्षांत झाड मरते. रोगाने धरलेले झाड बरे करणारा खात्रीशीर उपाय अद्याप उपलब्ध नाही. कुंपणासाठी लावली जाणारी पांढऱ्या सुगंधी फुलांची कुंती हीदेखील या किडीची आवडती वनस्पती आहे.

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात ही कीड १९९८ मध्ये आणि रोग २००५ मध्ये आढळला. त्या राज्याचे संत्र्यांचे उत्पादन २००३-०४ च्या हंगामात सुमारे २४ कोटी पेट्या होते. २०२२-२३ मध्ये ते दोन कोटी पेट्यांच्याही खाली आले. चक्रीवादळांचाही त्यात वाटा असला तरी मुख्य कारण हा रोग मानला जातो. कॅलिफोर्नियात २०१२ मध्ये रोगाची पहिली नोंद झाली, ती एखाद्या मोठ्या बागेत नव्हे, तर लॉस एंजेलिस परगण्यातील एका घराच्या अंगणातील झाडावर. त्यामुळे अमेरिकेत कढीपत्त्याची रोपे आणि ताजी पाने प्रवाशांच्या सामानातून नेण्यास मनाई आहे. बेलाच्या रोपालाही लिंबूवर्गीय कुळामुळे हाच निकष लागू होतो.

या रोगाची झळ भारतीय शेतकऱ्यालाही बसते. भिलाईपासून लोहमार्गाने अडीचशे किलोमीटरांहून थोड्या अधिक अंतरावरील नागपूर हे संत्र्याचे माहेरघर आहे. लिंबूवर्गीय फळांवरील केंद्रीय संशोधन संस्थाही तेथेच आहे. रोगमुक्त कलमे तयार करण्यावर तेथे दिला जाणारा भर हा याच धोक्याला दिलेला प्रतिसाद आहे. रोगट झाडाचा एक डोळा निरोगी खुंटावर भरला की रोग नव्या रोपात उतरतो. त्यामुळे परदेशातून हौसेने आणलेली संत्र्याची किंवा लिंबाची फांदी विदर्भातील बागांसाठी तितकीच धोक्याची ठरू शकते.

नियमांची चौकट

भारतात या विषयाचा मूळ कायदा १९१४ चा विनाशकारी कीटक व कीड अधिनियम हा आहे. त्याखाली केंद्र सरकारने २००३ मध्ये वनस्पती क्वारंटाईन (भारतातील आयातीचे विनियमन) आदेश काढला. त्यात वेळोवेळी सुधारणा होत असतात. अंमलबजावणीची जबाबदारी फरिदाबाद येथील वनस्पती संरक्षण, क्वारंटाईन व साठवण संचालनालयाकडे आहे. आंतरराष्ट्रीय स्तरावर १९५१ चा वनस्पती संरक्षण करार हा या व्यवस्थेचा पाया असून त्याचे सचिवालय रोममधील अन्न व कृषी संघटनेत आहे.

या सर्व व्यवस्थेचा कणा म्हणजे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र. निर्यातदार त्याला ‘फायटोसॅनिटरी’ या नावाने ओळखतात. पाठविणाऱ्या देशाच्या अधिकृत यंत्रणेने माल तपासून, तो घेणाऱ्या देशाच्या अटींप्रमाणे घातक किडी-रोगांपासून मुक्त असल्याची दिलेली ती सरकारी हमी असते. रोपवाटिकेची पावती, कृषी महाविद्यालयाचे पत्र किंवा कुरिअर कंपनीचा शिक्का त्याची जागा घेऊ शकत नाही.

भारतातून पाठविताना

पहिली पायरी भारतातील कार्यालयात नव्हे, तर रोप ज्या देशात जाणार तेथील नियमांत असते. प्रत्येक देशाची बंदी, सवलती आणि अतिरिक्त अटींची यादी वेगळी आहे. त्यामुळे घेणाऱ्या व्यक्तीने तेथील कृषी खात्याकडे चौकशी करून, आवश्यक असल्यास आयात परवाना आधी मिळवावा आणि त्याची प्रत भारतात पाठवावी.

दुसरी पायरी रोपाच्या ओळखीची. ‘मोगरा’ किंवा ‘चाफा’ एवढे नाव पुरत नाही. अर्जात वनस्पतीचे शास्त्रीय नाव लागते, कारण एकाच लोकनावाखाली भिन्न कुळांतील झाडे मोडतात. चाफा म्हणजे सोनचाफा, कवठी चाफा, हिरवा चाफा की देवचाफा, यावर नियम बदलू शकतो.

तिसरी पायरी तपासणीची. प्रमाणपत्र देण्याचा अधिकार संचालनालयाच्या अधिकाऱ्यांबरोबरच राज्यांच्या कृषी विभागांतील अधिसूचित अधिकाऱ्यांनाही आहे. त्यांची यादी संचालनालय प्रसिद्ध करते. अर्ज ऑनलाइन करता येतो. अधिकारी पाने, खोड व मुळे तपासतात, गरज भासल्यास नमुना प्रयोगशाळेत जातो आणि घेणाऱ्या देशाची अट असल्यास प्रक्रिया करून घ्यावी लागते. प्रमाणपत्र पाठवणीच्या तारखेच्या फार आधी काढून ठेवता येत नाही. युरोपीय संघासाठी ते रवानगीपूर्वी १४ दिवसांच्या आतील असावे लागते.

काही प्रमुख नियम पुढीलप्रमाणे आहेत. युरोपीय संघात १४ डिसेंबर २०१९ पासून जवळपास सर्व जिवंत वनस्पती, फळे, भाज्या, फुले व बियाणे यांना प्रमाणपत्र बंधनकारक झाले असून प्रवाशांच्या सामानालाही ते लागू आहे. अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर ही पाच फळेच त्यातून वगळली आहेत. अमेरिकेत विशेष निर्बंध नसलेली १२ किंवा त्याहून कमी रोपे आयात परवान्याशिवाय नेता येतात. मात्र मुळे मातीरहित असणे आणि सोबत प्रमाणपत्र असणे अनिवार्य आहे. त्याहून अधिक संख्येला परवाना लागतो. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडचे नियम यांहूनही कडक मानले जातात. तेथे विमानतळावरील घोषणापत्रात वनस्पतीजन्य वस्तू लपविल्यास जागेवरच दंड होऊ शकतो.

माती नकोच

रोपाबरोबरची माती हा जवळपास सर्वच देशांच्या नियमांतील समान आक्षेप आहे. चिमूटभर मातीत सूत्रकृमी, बुरशीचे बीजाणू, किडींची अंडी आणि तणांचे बी असू शकते. त्यांपैकी बहुतेक डोळ्यांना दिसत नाहीत व धुरीनेही पूर्णपणे मरतीलच याची खात्री नसते. बटाट्यावरील सोनेरी सूत्रकृमी निलगिरीत १९६१ मध्ये आढळला. त्याचे कोष यजमान पीक नसतानाही मातीत अनेक वर्षे तग धरतात. भारताच्या २००३ च्या आदेशातही माती, कंपोस्ट व वनस्पतींचे अवशेष यांच्या आयातीला सर्वसाधारणपणे मनाई आहे. संशोधनासाठी स्वतंत्र परवाना घ्यावा लागतो.

म्हणून निर्यातीसाठी रोपाची मुळे स्वच्छ धुवून घेतली जातात किंवा ते मान्यताप्राप्त निर्जंतुक माध्यमात वाढविले जाते. लाकडी खोक्यांनाही नियम आहेत. खोक्याचे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियस तापमानाला किमान ३० मिनिटे तापविलेले किंवा अन्य मान्य पद्धतीने प्रक्रिया केलेले असावे आणि त्यावर आंतरराष्ट्रीय चिन्ह उमटविलेले असावे लागते.

ऊतिसंवर्धित रोपांमुळे ही अडचण बरीच कमी झाली आहे. निर्जंतुक काचपात्रातील जेलीसारख्या माध्यमात वाढलेल्या रोपाला मातीचा स्पर्शच होत नाही. पुणे परिसर आणि जळगाव ही या उद्योगाची महाराष्ट्रातील महत्त्वाची केंद्रे आहेत. रोपे विषाणुमुक्त असल्याची खातरजमा करण्यासाठी जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ मध्ये राष्ट्रीय प्रमाणन प्रणाली सुरू केली. अर्थात अशा रोपांनाही कागदपत्रांतून सूट नाही.

परदेशातून आणताना

भारतात लागवडीसाठी रोप, कंद किंवा कलम आणायचे असल्यास माल तिकडून निघण्यापूर्वीच आयात परवाना हाती असावा लागतो. परवान्यातील अटींनुसार निर्यातदार देशाच्या यंत्रणेने प्रमाणपत्र द्यावे लागते. विशिष्ट रोग त्या रोपवाटिकेत आढळला नाही, अशी जादा घोषणाही त्यात असू शकते. माल अधिसूचित प्रवेशद्वारातूनच आणता येतो. लागवडीच्या साहित्यासाठी मूळ आदेशात दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि अमृतसर येथील प्रादेशिक केंद्रांचा उल्लेख आहे. भिलाईतील आयातदाराला म्हणूनच बहुधा मुंबई किंवा कोलकाता गाठावे लागते.

तपासणीत आक्षेपार्ह काही आढळल्यास मालावर प्रक्रिया केली जाते, तो परत पाठविला जातो किंवा नष्ट केला जातो. खर्च आयातदारालाच सोसावा लागतो. अनेक वनस्पतींच्या बाबतीत सुटका झाल्यानंतरही मान्यताप्राप्त बंदिस्त जागेत ठरावीक काळ रोपे वेगळी वाढवून निरीक्षणाखाली ठेवावी लागतात, कारण विषाणूची लक्षणे नवी पालवी फुटेपर्यंत दिसत नाहीत. १९८८ च्या बियाणे विकास धोरणाने फुलांचे बी, कंद व कलमे यांच्या व्यापारी आयातीचा मार्ग सुकर केला. परंतु आरोग्य तपासणीची अट कायम ठेवली.

टपालाने येणारे पाकीटही या नियमांबाहेर नाही. २०२० मध्ये अमेरिका, ब्रिटन आदी देशांतील नागरिकांना न मागविलेल्या बियाण्यांची पाकिटे आली, तेव्हा भारताच्या कृषी मंत्रालयानेही त्या वर्षी ऑगस्टमध्ये राज्यांना सावधगिरीची सूचना दिली होती. असे पाकीट आल्यास बी पेरू नये, कचऱ्यात टाकू नये आणि कृषी विभागाला कळवावे, हाच योग्य मार्ग आहे.

दुर्मिळ वनस्पतींचा वेगळा कायदा

काही वनस्पतींना किडींचा नव्हे, तर माणसाच्या हव्यासाचा धोका असतो. त्यांच्यासाठी १९७३ चा ‘सायटीस’ करार असून भारत १९७६ पासून त्याचा सदस्य आहे. करारातील पहिल्या परिशिष्टातील वन्य वनस्पतींच्या व्यापाराला जवळपास संपूर्ण बंदी आहे. मेघालयातील कीटकभक्षी घटपर्णी त्यात येते. आमरीच्या म्हणजे ऑर्किडच्या बहुतेक सर्व जाती आणि निवडुंगांच्या बहुसंख्य जाती दुसऱ्या परिशिष्टात असून त्यांना परवाना लागतो. छत्तीसगडच्या जंगलांत आढळणारी सर्पगंधाही याच परिशिष्टात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने या कराराच्या तरतुदींना देशांतर्गत कायद्याचे बळ दिले. याशिवाय २००२ चा जैविक विविधता कायदा आणि त्यातील २०२३ ची दुरुस्ती संशोधन व व्यापारी उपयोगासाठी जैविक साधने परदेशी देण्यावर नियंत्रण ठेवते. जंगलातून उपटून आणलेले ऑर्किड वा कंद नातेवाइकांना पाठविणे म्हणूनच गंभीर गुन्हा ठरू शकतो.

एका झाडाची किंमत

नियम जाचक वाटतात, कारण घरच्या झाडावर कीड दिसत नाही. परंतु दिसत नाही म्हणजे नाही, असे नव्हे. इटलीच्या पुलिया प्रांतात २०१३ मध्ये आढळलेल्या झायलेला या जिवाणूने लाखो ऑलिव्ह वृक्षांचा बळी घेतला. तो कोस्टा रिकाकडून आलेल्या शोभेच्या कॉफी रोपातून पोहोचला असावा, असे जनुकीय अभ्यासांतून सूचित झाले आहे. ब्रिटनमध्ये २०१२ साली अ‍ॅश वृक्षांचा बुरशीजन्य रोग प्रथम आढळला, तो नेदरलँड्सहून रोपवाटिकेत आलेल्या रोपांवर. दोन्ही ठिकाणी रोप पाठविणाऱ्याचा वा घेणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता.

लक्षात ठेवण्याच्या बाबी

– घेणाऱ्या देशाचे नियम प्रथम तपासावेत. केवळ कुरिअर किंवा प्रवासी कंपनीच्या सांगण्यावर विसंबू नये.
– शास्त्रीय नाव, संख्या आणि रोपाचे मूळ ठिकाण यांची नोंद ठेवावी.
– माती, शेणखत, पालापाचोळा किंवा वापरलेली कुंडी सोबत नेऊ नये.
– विमानतळावर शंका असल्यास वस्तू जाहीर करावी. जाहीर केलेली वस्तू फार तर जप्त होते. लपविलेल्या वस्तूवर दंड होऊ शकतो.
– लिंबूवर्गीय कुळातील रोप, फांदी वा पाने सामानात ठेवण्याचा विचार सोडून द्यावा.
– शक्य असेल तेथे त्याच जातीचे रोप परदेशातील परवानाधारक रोपवाटिकेतून घ्यावे.

यातील शेवटचा पर्याय मनाला लगेच पटत नाही. आईने लावलेल्या कढीपत्त्याची जागा दुकानातील रोप घेऊ शकत नाही, ही भावना खरी आहे. मात्र अमेरिकेतील अनेक रोपवाटिकांत तपासलेली, प्रमाणित कढीपत्त्याची रोपे मिळतात आणि फोडणीतील सुगंध त्यांनाही असतो. मूळ झाड भिलाईच्या अंगणात राहिले आणि परदेशातील शेजाऱ्याची संत्र्याची बागही सुरक्षित राहिली, तर या नियमांचा उद्देश सफल झाला असे म्हणता येईल.